घास भरवणारी मालू घरत

मालू घरतला मी पहिल्यांदा पाहिलं ते जेवणाच्या वेळी. माझं कामच तसं होतं. मी गिळण्याचे आणि बोलण्याचे आजार बघणारी थेरपिस्ट. पक्षाघातानंतर, कंपवातात, कधी नुसत्या म्हातारपणानंसुद्धा माणसाचं गिळणं बिघडतं. घासातला थोडा भाग पोटात न जाता श्वासनलिकेत उतरतो, छातीत साचतो, आणि दोन-चार दिवसांत ताप भरतो. कागदावर 'न्यूमोनिया' एवढंच लिहिलं जातं. वृद्धाश्रमांत हे किती वेळा घडतं, आणि तिथल्या कामाच्या बायकांना नीट शिकवलं तर त्यातलं किती टळतं, याचा अभ्यास मी करत होते. त्यासाठी पनवेलजवळच्या एका वृद्धाश्रमात मी दीड वर्ष जात-येत होते. शिरढोणच्या अलीकडे हायवे सोडून आत गेलं की ती इमारत लागते. अभ्यासात आम्ही संस्थेचं नाव लिहीत नाही; इथंही लिहीत नाही.

पहिले तीन महिने मला काही शिकवायचं नव्हतं, नुसतं बघून टिपायचं होतं. कोण कसं बसतं, कोणाला ठसका लागतो, एक घास उतरायला किती वेळ जातो. कोणाच्या जिवावर बेतेल असं दिसलं तरच मधे पडायचं, एरवी गप्प. बघायला लागल्यावर दुसऱ्याच दिवशी माझी नजर मालूवर स्थिरावली, कारण सगळ्यांत भराभर भरवायची तीच.

पंचेचाळिशीची, सडसडीत, मोरपंखी गणवेशावर पदरासारखी ओढणी खोचलेली. एका वेळी चौदा म्हाताऱ्यांना भरवणं तिच्या वाट्याला होतं आणि ती ते तासाभरात उरकायची. बडबड चालू, हात चालू. "आज बाजारान काय ताजी मांदेली आलीवती आजी, तुमाला चालत नाय नायतर आनली असती," म्हणेपर्यंत आजीच्या तोंडात तीन चमचे गेलेले असायचे. म्हातारी माणसं अर्धवट निजलेली, उशीला टेकलेली. त्यांना मालूच लागायची. जी दुसऱ्या कोणाकडे तोंड उघडायची नाहीत ती तिच्याकडे उघडायची. मॅनेजर प्रितेश सर मला कौतुकानं म्हणाले होते, "मालूच्या हातातलं ताट कधी भरलेलं परत जात नाही."

ते खरं होतं. ताटं रिकामी होत होती आणि माझ्या वहीत तिच्या नावापुढे ठसक्यांच्या खुणा वाढत होत्या.

मालूचं माहेर उरणकडचं. वडील मिठागरावर होते. सातवीनंतर शाळा सुटली. लग्न होऊन ती पनवेलजवळच्या ज्या गावात आली, त्या गावाला आता चारी बाजूंनी टॉवरांनी वेढलंय. नवरा कंटेनरच्या यार्डात कामाला, मुलगा हृतिक तिथंच चिकटलेला. सासू सखूबाई चार वर्षं अंथरुणात होत्या. त्यांचं सगळं मालूनं केलं. त्या गेल्यावर घर एकदम मोकळं झालं आणि हाताला काम उरलं नाही. शेजारणीनं सांगितलं की वृद्धाश्रमात बायका हव्यात. "मना येवढाच येत व्हता," ती मला पुढे कधीतरी म्हणाली. "म्हाताऱ्या मानसाचा कराचा. ते मना कोनी शिकवाला नव्हता लागला."

चौथ्या महिन्यात प्रशिक्षण सुरू झालं. दुपारी जेवणं आटोपल्यावर वरच्या हॉलमध्ये नऊ बायका आणि मी. पहिल्याच दिवशी मी एक प्रयोग करते: एकीनं पलंगावर निजायचं आणि दुसरीनं तिला चमच्यानं पाणी पाजायचं, रोज पाजतात तसंच. मालू हौसेनं निजली. भाविका नावाची नवी मुलगी तिला पाजायला बसली. तिसऱ्या चमच्याला मालूला जोराचा ठसका लागला. ती उठून बसली, डोळ्यांत पाणी, सगळ्या हसतायत, तीही हसतेय.

"बघा," मी म्हटलं, "तुमची छाती दणकट आहे, तुम्ही खोकून ते बाहेर टाकलंत. त्यांच्यात तेवढी ताकद नसते. काहींना तर खोकलासुद्धा येत नाही. तिथं ऐकायचं."

मी फोनवर दोन आवाज ऐकवले. एका पेशंटनं घास घेण्यापूर्वी काढलेला 'आ', आणि घासानंतरचा 'आ'. दुसरा आवाज ओला होता. घशात पाणी अडकवून कोणी बोलावं तसा, गुरगुरणारा.

हसणं थांबलं. मालू पलंगाच्या कडेवर बसून होती. तिनं तो आवाज पुन्हा लावायला सांगितला. मी लावला.

"असा आवाज आला का काय समजाचा?"

"खाल्लेलं श्वासाच्या वाटेवर आहे असं समजायचं. तिथंच थांबायचं. सरळ बसवायचं, खोकायला सांगायचं आणि नर्सला बोलवायचं."

"आनी थांबला नाय तर?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. छातीत साचतं, ताप येतो, अशक्त माणूस त्यात जाऊही शकतो. मी फळ्याकडे वळून पुढचा मुद्दा लिहायला लागले आणि मागे दार वाजलं. मालू निघून गेली होती.

त्यानंतर दोन दिवस ती कामावर आली नाही. फोनही उचलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. मागच्या पडवीत ती सुपात जवळा निवडत बसली होती. मला बघून उठली नाही. "बसा आभाताई," एवढंच म्हणाली आणि पाट सरकवला.

 मग सुपाकडे बघतच तिनं सांगायला सुरुवात केली.

सुमती टिपणीस नावाच्या बाई मी येण्याच्या आठ महिने आधीपर्यंत तिथं होत्या. पनवेलच्याच एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पक्षाघातानं उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. दोन-चार शब्द राहिले होते. त्यातला एक 'मालू'. चौदा महिने त्यांना रोज दोन्ही वेळ मालूनंच भरवलं.

"शेवटचं तीन हप्तं त्यांचा आवाज तसाच व्हता," मालू म्हणाली. "तुमी फोनवर लावलात ना, तसाच. मना मालू म्हनून हाक मारायची ती अशी गुरगुर यायची. मना वाटला सर्दी हाय. मी सुंठ घालून गरम पानी करून पाजला. रोज. निजवून."

शेवटचा शब्द तिनं फार हळू उच्चारला.

सुमतीबाईंना ताप भरला, दवाखान्यात हलवलं आणि पाचव्या दिवशी त्या गेल्या. त्यांची एकुलती एक मुलगी कीर्ती रोडपालीला राहते. तेराव्यानंतर ती मिठाई घेऊन वृद्धाश्रमात आली आणि सगळ्यांसमोर मालूच्या पाया पडली. आईचं माझ्याहून जास्त तुम्ही केलंत, म्हणाली.

"त्या पोरीन माजे पाय धरले आभाताई," मालूनं मान वर केली. "मीच तिच्या आयसला घालवली आनी तिनं माजे पाय धरले."

मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. अशा आजारात माणसाची स्वतःची लाळसुद्धा छातीत उतरते, खात्रीनं कोणीच काही सांगू शकत नाही, डॉक्टरही नाही. आणि तुम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं, मग दोष तुमचा कसा?

"खात्रीनं सांगता नाय येत, म्हंजे तसा असंल पन."

ती पुन्हा जवळा निवडू लागली.

"शिकवला नाय कोनी, हे खरा हाय," ती म्हणाली. "पन घास मीच भरवला ना."

तिला कीर्तीला सगळं सांगायचं होतं. मी नको म्हटलं. वर्षभरानं जुनी जखम उघडून तिला काय मिळणार, असं मी समजावलं. आज विचार करते तेव्हा वाटतं की मला थोडी माझीही भीती वाटली होती. संस्थेनं हरकत घेतली असती, अभ्यास थांबला असता. मालूनं माझं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ती कामावर आली.

सगळ्यांत भराभर भरवणारी बाई आता सगळ्यांत सावकाश भरवू लागली. आधी माणसाला नीट ताठ बसवायचं, पायांखाली पाट, मान किंचित खाली. अर्धाच चमचा. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली का ते बघायचं, मगच पुढचा घास. मधेच 'आ' करायला लावून आवाज ऐकायचा. शेवटी गालात काही राहिलंय का ते बघून तोंड पुसून काढायचं, आणि अर्धा तास निजू द्यायचं नाही. हे सगळं मी नऊच्या नऊ जणींना शिकवलं होतं, पण चुकूनही काही न गाळणारी ती एकटीच होती. तिची बडबडही बंद झाली. गिळताना बोलू नये असं मी सांगितलं होतं, आणि आजीआजोबा तिला उत्तर द्यायला जात म्हणून ती मुकाट्यानं भरवायची. त्यांना ते आवडलं नाही. एक आजोबा मला म्हणाले, "तुम्ही येऊन आमची मालू बिघडवलीत."

ताटं अर्धी परत जाऊ लागली. चौदा माणसं तासात होईनात. बाकीच्या बायका कुरकुरल्या, प्रितेश सरांनी तिला ऑफिसात बोलावलं. मी तिथं होते.

"मालूबाई, असं कसं चालेल? संध्याकाळचा चहा येतो तरी तुमचं जेवण चालूच."

"सर, मना चौदा मानसं नको. सात द्या."

"आणि उरलेली सात कोण बघणार?"

"दोन पंगती करा. ज्यांना गिलता येत नाय त्यांची आदी, बाकीच्यांची मंग. स्वैपाकघरातली शहाबानो हो म्हनलीय, मी इचारलाय तिला."

शहाबानो पनवेलच्या मोहल्ल्यातून यायची आणि तिथला सगळा स्वयंपाक तिच्या ताब्यात होता. पातळ वरण गिळायला सगळ्यांत अवघड, हे तिला मालूनं पटवलं होतं. मी पटवायला गेले होते तेव्हा तिनं "देखेंगे मॅडम" म्हणून वाटेला लावलं होतं. आता ती पहिल्या पंगतीसाठी डाळ घोटून दाट करायची, पेजेत नाचणीचं पीठ लावायची. दोन पंगतींची पद्धत माझ्या आराखड्यात नव्हती. ती मालूची. मी ती नंतर लिहून घेतली.

सहा महिन्यांनी मी पुन्हा मोजलं. संस्थेच्या नोंदींप्रमाणे प्रशिक्षणाआधीच्या सहा महिन्यांत छातीच्या संसर्गानं अकरा जणांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं, नंतरच्या सहा महिन्यांत चौघांना. एका घरातला एवढासा आकडा. त्यावरून फार मोठं काही म्हणू नये, असं मी अहवालातही लिहिलं. मालूला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ते चार कोन?" मी नावं सांगितली. तिला ती आधीच माहीत होती.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत कीर्तीचा तिला फोन आला. सासऱ्यांना, घरात ज्यांना अण्णा म्हणत, पक्षाघात झाला होता. दवाखान्यातून घरी आणलं होतं. "तुम्ही आईचं किती छान केलंत. एक दिवस येऊन मला शिकवाल का? मला भीती वाटते भरवताना."

मालूनं मला विचारलं, "तुमी संगती येता का?"

रोडपालीच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आम्ही रविवारी सकाळी गेलो. कीर्ती चाळिशीची, शाळेच्या ऑफिसात नोकरी करणारी. चेहऱ्यावर झोप न झाल्याची सूज. तिनं मालूला मिठी मारली. मी कोण ते मालूनं सांगितलं. अण्णा आतल्या खोलीत होते. कीर्तीनं वाटीत मऊभात घेतला, वर ताक ओतून पातळ केला आणि एका उशीवर निजलेल्या अण्णांच्या तोंडाशी चमचा नेला.

मालूनं तिचं मनगट धरलं.

"थांब बाय."

मग तिनं सगळं दाखवलं. आम्ही तिघींनी मिळून अण्णांना खुर्चीत बसवलं. मालूनं अर्धा चमचा दाट भात दिला, घाटीवर बोट टेकवून थांबली, "आ म्हना अण्णा," म्हणाली. आवाज कोरडा आला. असे बारा घास. पाऊण तास लागला. मालू एकेक कारण सांगत गेली: निजवून का नाही, पातळ का नाही, आवाज का ऐकायचा. पहिली दहा मिनिटं कीर्ती प्रश्न विचारत होती. मग तिचे प्रश्न थांबले.

तोंड पुसून झाल्यावर ती म्हणाली, "मी आईला दर रविवारी शिरा आणायचे. निजवूनच भरवायचे. तुम्हीच दाखवलं होतंत तसं."

तिनं हातातली वाटी खाली ठेवली.

"मग आई कशानं गेली?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे वाक्य तयार होतं, खात्रीनं सांगता येत नाही वगैरे. मालूनं माझ्या हातावर हात ठेवला.

"छातीत अन्न जाऊन गेली असंल," ती म्हणाली. "शेवटी त्यांचा आवाज ओला झालावता. मना समजला नाय. मी तशीच भरवत रायली, पानी पाजत रायली. मना तवा म्हाइत नव्हता. आता हाय. तुला आदीच सांगाला पायजे व्हता, मी नाय सांगितला."

कीर्ती उभी राहिली, पुन्हा बसली. अण्णा दोघींकडे आळीपाळीनं बघत होते.

"मला का सांगितलंत हे?" तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "मला काय, आई शांतपणे गेली असंच वाटत होतं. आता मी याचं काय करू? तो शिरा मी..."

"शिऱ्याचा नाय काय. तू आठवड्यातून एकदा यायचीस. रोजचा माजा हात व्हता."

"तुम्ही जा," कीर्ती म्हणाली. "प्लीज, आता जा."

आम्ही खाली पार्किंगमध्ये आलो. मालू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. कोणाची तरी मुलं सायकली फिरवत होती. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती तिनं घेतली नाही.

"अण्णांची मान जरा खाली ठेवाची, ते सांगाचा रायला का?"

"सांगितलंत तुम्ही."

"दोनदा सांगाला पायजे व्हता," ती म्हणाली.

पुढे महिनाभर काही कळलं नाही. मालू फोनची वाट बघत असावी, पण विषय काढायची नाही. एकदा जेवणं चालू असताना फोन वाजला तेव्हा चमचा ठेवून तिनं घाईघाईनं नंबर बघितला, एवढंच मला दिसलं. दुसऱ्याच कोणाचा तरी होता.

एप्रिलमध्ये नव्या भरती झालेल्या बायकांसाठी प्रशिक्षण ठेवलं होतं. या वेळी शिकवणार मालू, मी फक्त बाजूला. सुरुवात व्हायच्या वेळी कीर्ती दारात आली. प्रितेश सरांना विचारून आल्येय, म्हणाली, आणि मागच्या खुर्चीवर बसली.  मालूनं पलंग दाखवला, उशा दाखवल्या, आणि मग म्हणाली, "माज्या हातची एक बाई अशी गेली. एक पेशंट व्हती..."

"सुमती टिपणीस," मागून कीर्ती म्हणाली. सगळ्या वळल्या. "माझी आई. नाव घेऊन सांगा, मालूताई. 'एक पेशंट' म्हणू नका."

मालूनं मान हलवली.  मग तिनं सुमतीबाई कोण होत्या तिथपासून सुरुवात केली. गणित शिकवायच्या, लाल भोपळा आवडायचा नाही, डाव्या हातानं चमचा हिसकावून घ्यायच्या. आणि मग आवाजाचं सांगितलं. तो आवाज तिनं स्वतःच्या घशातून काढून दाखवला. माझ्या फोनची गरज पडली नाही.

संपल्यावर दोघी खिडकीपाशी उभ्या होत्या. मी जवळ गेले नाही. कीर्तीनं तिला माफ केलं की काय केलं, ते मला माहीत नाही. मालूला विचारलं तर ती म्हणाली, "तसा काय बोलनं झाला नाय. अण्णांना बद्धकोष्ठ झालाय, त्याचा इचारत व्हती."

माझा अभ्यास छापून आला. त्यात सुमतीबाई कुठेच नाहीत. अभ्यास सुरू होण्याआधी त्या गेल्या होत्या, त्यामुळे आकड्यांत त्या बसत नाहीत. मालूही नाही, 'प्रशिक्षित कर्मचारी: नऊ' यात ती एक. सातवी पास म्हणून तिला कागदावर प्रशिक्षक लिहिता आलं नाही, त्यावरून मी बरंच भांडले. तरी आता उरणकडच्या दोन वृद्धाश्रमांतून तिला शिकवायला बोलावतात. महिन्यातून एकदा ती जाते. प्रत्येक ठिकाणी सुमतीबाईंचं नाव घेऊन सांगते, आणि दर वेळी सांगून झाल्यावर थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहते. इतक्या वेळा सांगून आता सवय झाली असेल, असं मी एकदा म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा तसं बोलले नाही.

गेल्या दिवाळीनंतर अण्णा गेले. हृदय थांबलं. सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसले होते, तसेच. कीर्तीनं नातेवाईकांच्या आधी मालूला फोन केला. मालू रिक्षा करून रोडपालीला गेली, अण्णांना शेवटची आंघोळ घालायला मदत केली, बायकांत बसली. कीर्ती तिच्याजवळ येऊन म्हणाली, "डॉक्टरांनी तपासलं. छाती स्वच्छ होती."

"हो," मालू म्हणाली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

त्या दिवशी तिनं अर्धा दिवसच रजा टाकली होती. संध्याकाळच्या पहिल्या पंगतीला ती वृद्धाश्रमात हजर होती.